खिडकीतलं टेबल

"हॉटेल चालवायचं सोडून बाईंनी हे नसतं झेंगट कशाला गळ्यात घेतलं, कोण जाणे," माझ्यामागे रांगेत उभे असलेले गृहस्थ श्रीखंड वाढून घेताना बायकोला म्हणाले. हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं. मालतीकाकूंच्या चौदाव्याचं जेवण त्यांच्याच हॉटेलात होतं. गृहस्थ वाईट नाहीत. आयर्लंडमध्ये, या ॲथलोन गावातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच मला एक जाड कोट दिला होता. म्हणून मी वळून काही बोलले नाही, असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे मी कुणालाच कधी काही बोलत नाही.

काकू-काका सांगलीचे. हॉटेल लहान, सहा टेबलांचं. काका स्वयंपाक करायचे, बाकी सगळं काकू. मी शिकायला आले तेव्हा शनिवार-रविवार तिथे कांदे चिरायला, टेबलं पुसायला जायचे. सोमवारी हॉटेल बंद असायचं. अशाच एका सोमवारी लिसी, वृद्धाश्रमात काम करणारी केरळची मुलगी, दार वाजवत आली. तिच्या केसांत अंडं फुटलेलं होतं. काकूंनी मोरीत तिचे केस धुतले, आमटी-भात वाढला आणि मग म्हणाल्या, "आता सांग." रस्त्यात पोरांनी अंडी मारली, 'तुमच्या देशात परत जा' म्हणून ओरडली, असं लिसीने सांगितलं, पण तक्रार करायला ती तयार नव्हती. कामाचं परमिट मालकाच्या हातात, आपलं नाव कशाला कुठे यायला हवं... हळूहळू कळलं की अशा पुष्कळजणी होत्या, पुष्कळजण होते. कुणीच लिहून देत नव्हतं, त्यामुळे आपल्या गावात असं काही घडत नाही, असं गाव खुशाल म्हणू शकत होतं.

हे सगळं लिहून काढायचं आणि गावच्या अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं, असं काकूंनी ठरवलं. त्यासाठी सगळ्यांना बोलवायला हॉल मिळेना. ब्रेंडन नावाचे एक निवृत्त शिक्षक नेहमी जेवायला यायचे, मूळचे उत्तर आयर्लंडचे. ते म्हणाले, तरुणपणी आम्ही घरांसाठी, मतासाठी मोर्चे काढायचो, तेव्हा आम्हालाही कुणी हॉल देत नव्हतं. आमच्या सभा मावशीच्या मासे-बटाट्यांच्या दुकानात व्हायच्या. जेवण असतं तिथे माणसं येतातच. तेव्हापासून काकूंचा सोमवार ठरून गेला. सांगणाऱ्याने आधी जेवायचं, मग खिडकीतल्या टेबलाशी बसून सांगायचं, आणि ते मी इंग्रजीत लिहायचं. "तुझं इंग्लिश शाळेचं आहे, केतकी, तू लिही," असं त्या म्हणाल्या आणि मला आवडलं. दुसऱ्याचं लिहायला मला भीती वाटत नाही. माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी असायची, रस्त्याकडे पाठ करून.

एका सकाळी खिडकीची काच फुटलेली सापडली. गल्ल्याला हात लागलेला नव्हता. मग आपल्याच लोकांच्या वाढदिवसांच्या, गणपतीतल्या ऑर्डरी कमी झाल्या. तिथे गेलं की आपण डोळ्यांवर येतो, असं लोक म्हणायचे. काकांनी निदान टेबल तरी आत घे म्हणून विनवलं. त्यावरून दोघांत चार दिवस अबोला होता. काकूंनी नवी काच बसवून घेतली आणि टेबल होतं तिथेच ठेवलं. "आत कोपऱ्यात बसून सांगितलं ना, की आपणच काही केल्यासारखं वाटतं," त्या मला म्हणाल्या. मी मान हलवली.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी फुटका चष्मा घालून गेले. काकूंनी विचारलं. ओल्या पायऱ्यांवरून पडले, असं मी सांगितलं. त्यांनी चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावून दिली, माझ्यापुढे पिठलं-भात ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही. त्यांना पटलं, असंच मी धरून चालले. त्या दिवशी लिसीच्या मैत्रिणीचं निवेदन मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं... तीन आठवड्यांनी काकू झोपेतच गेल्या.

जेवण संपल्यावर ते गृहस्थ काकांजवळ बसले. झालं तेवढं पुरे, आता सोमवार बंद करा, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. काकांनी मान डोलावली. ते खूप थकलेले दिसत होते. मग उठून त्यांनी प्रेस उघडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, काकूही म्हणायच्या. मसाल्यांच्या डब्यांमागून निळी फाईल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तूच लिहिलंयस सगळं, तूच घेऊन जा. मला आता हे इथे नको."

मी उभ्यानेच पानं चाळली. सगळं अक्षर माझंच होतं. शेवटच्या प्लास्टिकच्या पिशवीत मात्र एक जवळजवळ कोरा कागद होता. वरच्या कोपऱ्यात काकूंच्या ठसठशीत मराठी अक्षरात फेब्रुवारीतल्या त्या सोमवारची तारीख, आणि खाली फक्त, 'केतकी. चष्मा.' बाकी पान त्यांनी तसंच ठेवलं होतं.

खिडकीतल्या टेबलावर कुणाच्या तरी पर्सेस ठेवल्या होत्या. मी त्या बाजूला केल्या, बसले. बाहेर रस्त्यावर दोघं-तिघं थांबून आत बघत होते. काका हातात फडकं घेऊन माझ्याकडे पाहत राहिले. कोट देणारे गृहस्थही वळले. मी पेन काकांपुढे धरलं. मराठीत लिहिलं तरी चालेल, असं त्यांना सांगितलं. ते समोर बसले, आणि मग मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "काका, मी पडले नव्हते."