खाडीतली सुमनमावशी

अकोल्याहून आईचा फोन आला तेव्हा मी परतवाड्याच्या स्टँडवर बसची वाट पाहत होते. "सुमन गेली व..." एवढंच ती बोलली. सुमनमावशी म्हणजे आईची मोठी बहीण. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकली, आणि संपलं.

मावशी तेल्हाऱ्याच्या, कापूस पिकवणाऱ्या घरातली. प्राणिशास्त्र शिकायला कोकणात गेली तेव्हा तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिला म्हणजे काय, थेट खाडीच्या चिखलातच उतरली. तिचा विषय खेकडे. तिवरांच्या झाडांखाली राहणारा खेकडा मुळांनी धरून ठेवलेल्या चिखलात खोल, फाटे फुटलेलं बीळ खोदतो, गळलेली पानं आत ओढून खातो. त्याच जातीचा खेकडा उघड्यावर राहिला तर पातळ चिखल ढासळतो म्हणून उथळ बिळावर भागवतो आणि शेवाळ खरवडून पोट भरतो. हे ती आम्हाला जेवताना, भाकरीचे तुकडे मांडून सांगायची. हा अभ्यास अपुरा असतानाच आजोबांना अर्धांगवायू झाला. मावशी परत आली... ती राहिलीच. अकोल्याच्या कॉलेजात शिकवलं, आजोबांना शेवटपर्यंत सांभाळलं, लग्नाचं राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात मी तिला हट्टानं त्या खाडीवर नेलं. गुडघे दुखतात म्हणून काठावर खुर्ची ठेवली, पण ती बसते कसली! पदर खोचून चिखलात पालथी पडली, बिळाशी गाल टेकवून. चिंबोऱ्या पकडणारी एक बाई घाबरून धावत आली. "आजी, पडलात काय?"

"चूप व! पान आत ओढून राह्यला तो," मावशी कुजबुजली. मग ती बाईही तिच्या शेजारी आडवी.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मावशी, हे सारं सोडून आलीस, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. लय वाटलं. बाबाचाही राग आला, अन् ते बिचारे तं हालूही शकत नव्हते... मंग म्हटलं, आता चिखल हाच हाय. अकोल्यातच खोदाले लागली." आणि लगेच, "डब्यात पराठा उरला काय?"

परवा आई आणि मी तिची खोली आवरत होतो. कपाटावर एक पांढरी, वेडीवाकडी, हातभर लांब वस्तू सापडली. खेकड्याच्या बिळात प्लास्टर ओतून, ते घट्ट झाल्यावर मावशीनं खणून काढलेला तो आकार. एका फाट्यावर तिच्या चष्म्याची दोरी अडकवलेली.

"हे कोनतं मूळ व? फेकाचं काय?" आईनं विचारलं.

"आई, घर हाय ते. खेकड्याचं."

आईनं पदरानं त्याचा फाटा न् फाटा पुसला, आणि जिथून उचललं होतं तिथंच परत ठेवलं.