माजी सुचिता रडत नाय

शेवंतामावशींशी वाद घालायची आमच्या इमारतीत कुणाची टाप नाही. इमारत त्यांची, आम्ही भाडेकरू. जुईनगरात जिथे त्यांची शेती होती तिथे आता रस्ते आहेत. नवरा लवकर गेला, पण बाई खमकी. वाशीच्या मार्केटात भाजी विकून एकुलत्या एक सुचिताला नर्स केलं. पोरगी आईच्या वरताण निघाली.

तिला मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि निघायच्या दिवशीच मायलेकींची जुंपली. मावशींची माहेरची शेजारीण, उरणची खदीजा, मस्कतलाच असते. "तिचा नंबर घेऊन ठेव," असं मावशींचं टुमणं. "मला कुनाच्या आधाराची गरज नाय," म्हणत सुचिता पायासुद्धा न पडता टॅक्सीत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याची तक्रार घेऊन खाली गेले, तर मावशी बटणांचा फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. विमान सकाळीच उतरलं होतं. सुचिताचा फोन लागत नव्हता. एक परदेशी नंबर मात्र सारखा वाजत होता आणि मावशी तो कापत होत्या.

"अहो, तिनं तिथलं सिम घेतलं असेल. उचला ना!"

"माज्या पोरीचा नंबर मला पाठ हाय, वैजू. ह्यो तिचा नाय."

बचत गटात कुणी बाई सांगून गेली होती, चोर परदेशातून फोन करतात आणि आता तर पोरांचा आवाजही हुबेहूब काढतात. मावशींनी ते घट्ट धरून ठेवलेलं. पुन्हा वाजला तेव्हा माझं डोकं फिरलं. मीच बटण दाबून स्पीकर लावला.

"आये, मी सुचिता." हुंदके ऐकू येत होते. "माजं सिम इथं चालत नाय. नवीन घेतलंय, त्यात थोडीच मिनिटं हायेत. न्यायला कुनी आलं नाय, हॉस्पिटलवाले फोन उचलत नाय. एक मानूस मागं लागलाय, गाडीत बस म्हनतो. खदीजामावशीचा नंबर दे ना. माजं चुकलं, आये."

मावशींनी डोळे बारीक केले.

"माजी सुचिता रडत नाय. आनि 'चुकलं' तर ती मेली तरी म्हनायची नाय. खदीजाचा नंबर तिला नकोच व्हता. चोरटे कुठले!" आणि फोन कापला.

"अहो, पोटची पोर आहे तुमची! तिला कुणी गाडीत घालून नेलं तर?" मी ओरडलेच.

"आनि चोर असला, त्यानं खदीजाला फसवलं तर?"

मी माझ्या मोबाईलवरून तो नंबर लावला. परदेशी कॉल बंद, मावशींच्या फोनवरही तेच. मावशींचा फोन आता गप्प होता. एवढा वेळ कटकट वाटणारी ती रिंग वाजावी म्हणून मी देवाला हात जोडले. मावशी फोनवरून नजर काढत नव्हत्या.

वाजला. या वेळी मावशींनीच उचलला.

"नको देऊ नंबर!" तोच आवाज, पण आता नुसता संताप. "बसते इथंच! तू आनि तुजा हट्ट! जलमात परत फोन करनार नाय!"

"सुचे!" मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "हीच ती! ठेवू नको, लिही." खदीजाचा नंबर त्यांना तोंडपाठ. एकदा सांगितला, दुसऱ्यांदा सांगता सांगता लाइन तुटली.

लिहून घेतला की नाही, कळायला मार्ग नव्हता. मावशी देवापुढे जाऊन बसल्या, मी दारात. चहा करायचंही कुणाला सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने खदीजाचा फोन आला. "शेवंते, पोर माझ्याजवळ आहे. सुखरूप आहे. जेवायला वाढलंय."

मला वाटलं, मावशी आता हसतील, लेकीच्या नावाने चार शिव्या घालतील. त्यांनी फोन पदराने पुसला आणि हळूच विचारलं,

"वैजू, मगाशी रडली ती पन तीच व्हती ना गं?"

मी मान डोलावली.

"बाप गेला तवा पन रडली नव्हती. पयल्यांदा माज्यापाशी रडली पोर. आनि मी फोन कापला."