केसोक

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात आमची कंपनी कुसगावच्या माळावर तंबू ठोकून उतरली. चीनच्या लढाईला वर्ष झालं होतं आणि फौजेत सगळीकडे ट्रेनिंग कडक झालं होतं. सकाळी साडेपाचला फॉल-इन, सहाला पी.टी., सातला डोंगरावर रूट मार्च. दुपारी तीन ते साडेचार बिनहत्यारी लढाई. त्या दीड तासाचा उस्ताद मी होतो.

मी तेव्हा हवालदार होतो. मूळ तळेगावचा, सातवीपर्यंत शिकलेला. दहा वर्षांपूर्वी कोरियात युद्धबंद्यांवर देखरेख करायला जी भारतीय फौज गेली तिच्यात मी शिपाई होतो. तिथे आमच्या छावणीत हान नावाचे एक कोरियन दुभाषे होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, चष्मेवाले. रोज सकाळी ते बर्फ बाजूला सारून तंबूमागे त्यांच्या देशाची लढाईची कसरत करत. मी बघत उभा राहायचो. आठव्या दिवशी त्यांनी मला शेजारी उभं केलं.

मी त्यांच्याकडे चार महिने शिकलो. चर्योत म्हणजे सावधान. चुन्बी म्हणजे तयार. शिजाक म्हणजे सुरू, कुमान म्हणजे बस. हाना, दुल, सेत, नेत असे आकडे. सगळे शब्द मी पेन्सिलीने एका वहीत उतरवून घेतले. साडेतीन महिने फक्त उभं राहणं, अडवणं आणि लाथ. दोघांची समोरासमोर लढत त्यांनी शेवटच्या पंधरा दिवसांत दाखवली, तीही थोडीच.

निघताना मी त्यांना सॅल्यूट केला. ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "यू स्टुडंट. गुड स्टुडंट. नॉट टीचर." मग बोटांनी तीन वर्षं दाखवली. शिकवण्याआधी निदान तेवढं शिकावं लागतं, असा त्याचा अर्थ. मी "येस सर" म्हणालो.

बटालियनमध्ये परतल्यावर मी यातलं एवढंच सांगितलं की मी कोरियात शिकलो. ते खोटं नव्हतं. पुढे बासष्टनंतर साहेबांनी विचारलं, "शिकवशील?" मी हो म्हणालो. हान यांनी मला कसलाच पट्टा दिला नव्हता. त्यांच्याकडे नवशिका पांढरा बांधतो आणि उस्ताद काळा, हे मला माहीत होतं. मी आमच्या धोब्याकडून एक पट्टा काळा रंगवून घेतला आणि कमरेला बांधला. तो कुठून आला हे कोणी विचारलं नाही.

कुसगावच्या माळावर माझ्याकडे चोवीस जवान होते. त्यांना तो दीड तास आवडायचा. लंगरातला स्वयंपाकीसुद्धा चपात्या वाढताना हाना, दुल, सेत मोजायला लागला होता. सगळ्यात हुशार होता शिपाई किसन हिलम. कामशेतच्या वर ठाकरांची वाडी आहे, तिथला. वय एकवीस. डोंगरात वाढलेला, पाय असा उचलायचा की समोरच्याला दिसायच्या आत परत जमिनीवर. सांगितलं ते तंतोतंत करायचा. "उस्ताद म्हनले म्हंजे झालं," हे त्याचं नेहमीचं.

जानेवारीत लान्स नाईक शामराव भोईटे कंपनीत परत आला. तो फलटणकडचा. वर्षभर व्हिएतनाममध्ये, सायगावला, आंतरराष्ट्रीय आयोगाच्या पहारा-तुकडीत होता. तिथे एका कोरियन सार्जंटकडे तो दहा महिने शिकला होता. त्याच्याकडे शिक्का मारलेलं सर्टिफिकेट होतं आणि निळा पट्टा होता. या कोरियन लढाईला मी तांगसुदो म्हणायचो, तो तायक्वोंडो म्हणायचा. मी त्याला माझ्या स्क्वाडमध्ये घेतलं. निळा पट्टा बांधून तो माझ्यासमोर रांगेत उभा राहायचा.

फेब्रुवारीत ब्रिगेडियर साहेबांची भेट ठरली. शनिवारी साडेचारला आमचं प्रात्यक्षिक. शेवटी तीन मिनिटांची लढत, किसन विरुद्ध भोईटे.

बुधवारी सराव संपल्यावर भोईटे माझ्याकडे आला. बाकीचे निघून जाईपर्यंत तो थांबला होता.

"उस्ताद, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"बोल."

"लढणारे दोघं एकमेकांत अडकले की आपण केसोक म्हणता. ते अलग होतात. मग काल्यो म्हणता, ते परत लढतात."

"बरोबर."

"उलटं आहे, उस्ताद. काल्यो म्हणजे अलग व्हा. केसोक म्हणजे चालू ठेवा. आमच्या सार्जंटनं तसंच शिकवलं."

तो अगदी हळू बोलत होता. तरी मला राग आला. मी म्हणालो, "तुझ्या सायगावात काय चालतं ते मला सांगू नकोस. इथं केसोक म्हणजे अलग."

"जी, उस्ताद."

त्या संध्याकाळी मी ट्रंकेतून वही काढली. पाच-सहा वर्षांत ती उघडली नव्हती. काल्यो, अलग. केसोक, चालू. माझ्याच अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन्ही शब्द लढतीच्या मधे येणारे, क-पासून सुरू होणारे. डोक्यात कधीतरी त्यांची अदलाबदल झाली होती.

गुरुवारी सकाळी स्क्वाडला एवढंच सांगायचं होतं की उस्तादाची चूक झाली, आजपासून उलटं. पाच मिनिटांचं काम. मी स्वतःला कारणं दिली. पोरांच्या अंगात तीन महिने तेच मुरलंय, तीन दिवसांत बदललं तर गोंधळ होईल, प्रात्यक्षिकानंतर बदलू. खरं कारण वेगळं होतं. निळ्या पट्ट्यासमोर माझा काळा पट्टा खोटा पडला असता.

शुक्रवारी सरावात भोईटे एकदा चुकला. मी केसोक म्हणालो आणि त्याचा पाय वर आला. किसनच्या कानापासून चार बोटांवर त्याने तो थांबवला. भोईट्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "उस्ताद, माझा पाय ऐकत नाही."

मी म्हणालो, "लक्ष ठेव."

किसन हसत होता. म्हणाला, "न्हाई लागलं, उस्ताद."

शनिवारी बरोबर साडेचारला सुरुवात झाली. खुर्च्यांवर ब्रिगेडियर साहेब, आमचे मेजर साहेब, लोणावळ्यातली काही मंडळी. मागे कुसगावची माणसं उभी. माळावर मधेमधे कातळ वर आलेला होता. आम्ही मधल्या जागेत गवत पसरून त्यावर ताडपत्री ताणली होती. आधी कवायत झाली, मग कौलं फोडली. टाळ्या पडल्या. मग लढत.

मी म्हणालो, "शिजाक."

दुसऱ्या मिनिटाला दोघांचे हात अडकले. मी म्हणालो, "केसोक."

किसनने हात खाली सोडले आणि जागेवर जायला वळला. मी शिकवलं होतं तसंच. भोईट्याचा पाय वर आला. दहा महिने ज्या शब्दावर तो लढत आला होता तो शब्द मी उच्चारला होता. लाथ किसनच्या जबड्याखाली बसली. तो ताडपत्रीच्या कडेवरून बाहेर गेला आणि डोक्याची मागची बाजू कातळावर आपटली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो प्रात्यक्षिकाचाच भाग वाटला.

मी पोहोचेपर्यंत भोईटे गुडघ्यावर होता. किसनच्या कानातून रक्त येत होतं. मेजर साहेबांनी पुण्याला वायरलेस लावायला सांगितला. ऑपरेटरचा आवाज अजून ऐकू येतो.

"वन कॅज्युअल्टी. हेड इंज्युरी. अनकॉन्शस. रिक्वेस्ट अॅम्ब्युलन्स. ओव्हर."

"रॉजर. मूव्ह टू कामशेत. अॅम्ब्युलन्स विल मीट यू देअर. आउट."

पाच वाजून पाच मिनिटांनी आमचा वन-टनर ट्रक निघाला. मागे मी, नर्सिंगचा जवान आणि भोईटे. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं, तो बसला. किसनचं डोकं त्याने मांडीवर धरलं होतं. वाटेभर तो एकच बोलत होता, "किसन, डोळं उघड." कामशेतला भाताच्या गाड्यांच्या रांगेशेजारी अॅम्ब्युलन्स भेटली. डॉक्टर साहेबांनी नाडी बघितली, बॅटरी डोळ्यांवर मारली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. तिथून त्याच्या वाडीचा डोंगर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही त्याला वाडीवर नेलं. गाडी पायथ्यापर्यंतच जायची, पुढे खांद्यावर. भोईट्याने मेजर साहेबांकडे परवानगी मागितली होती. पूर्ण चढ त्याने खांदा बदलला नाही.

किसनचे वडील भिवाआबा अंगणात उभे होते. त्यांनी मुलाच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं, परत ठेवलं. मला विचारलं, "कशानं झालं?"

मी म्हणालो, "सरावात लागलं."

"कुनाचं?"

मी काही बोलायच्या आत भोईटे पुढे आला. त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आबा, माझी लाथ लागली."

भिवाआबांनी पाय मागे घेतले. "माज्या म्होरं हुबा ऱ्हाऊ नगंस," एवढंच म्हणाले. भोईटे बांधाशी जाऊन उभा राहिला, शेवटपर्यंत.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमीच ते उस्ताद न्हवं? तुमचं लय सांगायचा. आमचे उस्ताद कोरियाला शिकून आल्यात म्हनायचा."

मी मान हलवली. त्या वेळी मी एवढंच केलं.

दहा दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. तीन अधिकारी, एक टेबल.

"तुम्ही कुठली कमांड दिली?"

"केसोक, सर."

"अर्थ?"

"अलग व्हा, सर. माझ्या स्क्वाडमध्ये."

"लान्स नाईक भोईटेला हा अर्थ माहीत होता?"

"येस सर. बुधवारी मी स्वतः सांगितला होता."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वही माझ्या ट्रंकेत होती. कोणी मागितली नाही, मी दाखवली नाही.

भोईट्याला आत बोलावलं. मी बाहेर उभा होतो, कनात पातळ होती.

"कमांडचा अर्थ तुला माहीत होता?"

"जी साहेब. उस्तादांनी सांगितलं होतं."

"मग लाथ का मारलीस?"

"चुकलो, साहेब."

"आणखी काही सांगायचं आहे?"

मग तो म्हणाला, "नाही, साहेब."

त्याची फीत गेली. तो परत शिपाई झाला. माझ्या नावापुढे काही लागलं नाही. बिनहत्यारी लढाईचा तास बंद झाला आणि कंपनी मार्चमध्ये कुसगावहून हलली.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्याला तंबूंच्या मागे गाठलं. तो खुंट्या मोजत होता. मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस? मला बुधवारी बोलला होतास ते?"

तो उभा राहिला, सावधान. म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

त्याने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पासष्टच्या लढाईत आम्ही एकाच प्लाटूनमध्ये होतो. पंजाबच्या सीमेवर, एका कालव्याच्या अलीकडे. सकाळी साडेसातला आमच्यावर तोफांचा मारा सुरू झाला. उसाच्या कडेला आमचे दोन जण जखमी पडले होते. भोईटे गेला आणि एकाला पाठीवर घालून घेऊन आला. पाणी प्यायला, परत गेला. दुसऱ्यापर्यंत तो पोहोचला. पुढचा गोळा तिथेच पडला. माझ्यापासून साठ पावलांवर.

मी त्याचं सामान बांधलं. सर्टिफिकेट कापडात गुंडाळलेलं होतं. ते मी त्याच्या घरी जाणाऱ्या पेटीत सगळ्यात वर ठेवलं. दीड वर्षात मी मेजर साहेबांना चार वेळा सांगायला गेलो होतो. चारही वेळा दुसरंच बोलून परत आलो.

बहात्तरला मी निवृत्त होऊन लोणावळ्यात राहायला आलो. दोन वर्षांनी एका शाळेचे ड्रिल मास्तर घरी आले. पोरांमध्ये आता कराटे, कोरियन लढाई याचं वेड शिरलं होतं.

"तुम्ही कोरियात शिकलात म्हणे. आमच्या मुलांना शिकवाल? फक्त तुमचं सर्टिफिकेट लागेल. हल्ली हेडमास्तर विचारतात, पोरांना इजा होते म्हणून."

मी म्हणालो, "माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. मला शिकवायची परवानगी कधीच नव्हती."

मास्तरांना वाटलं मी विनयाने बोलतोय. ते हसले. इतक्या वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने कामशेतला उतरलो आणि वाडीवर चढून गेलो. भिवाआबा खूप थकले होते. मला त्यांनी ओळखलं. घोंगडं टाकून बसवलं, पाणी दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. बुधवारचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं, कोर्टाचं सांगितलं.

"म्हंजे माजं पोर तुमचं ऐकून हात सोडून वळलं," ते म्हणाले.

"हो, आबा."

"आन त्या दुसऱ्यानं आदीच सांगितलं व्हतं."

"हो."

ते समोरच्या खाचरांकडे बघू लागले. मला वाटलं ते मारतील, हाकलतील. मी तयार होतो.

"त्यो कुटं असतो आता?"

"तो पासष्टच्या लढाईत गेला, आबा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "म्या त्याला लय शिव्या दिल्या. रोज दिल्या. सकाळी उठलो की पयली त्याला. आता कुनाला सांगू, चुकलं म्हनून?"

मी वही मिटली. उठताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

खाली उतरल्यावर मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. आज इथे लिहिलंय तेच, थोडक्यात. प्रकरण जुनं आहे, बंद झालं आहे, असं उत्तर आलं. मी आणखी दोन पत्रं लिहिली. त्यांची उत्तरं आली नाहीत.

भोईट्याला धरून माझ्या हाताखाली शिकलेल्या पंचवीस जणांपैकी बरेचसे आज घरी आहेत, नातवंडांत आहेत. दोघं नाहीत. शिपाई किसन भिवा हिलम, वय एकवीस, कामशेतच्या रस्त्यावर. आणि शामराव भोईटे, वय सत्तावीस, कालव्याकाठी. फौजेच्या कागदावर भोईट्याच्या नावाआधी शिपाई लिहिलेलं आहे. तो लान्स नाईक होता.