झोपेच्या बाई

कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी झोपेचं विचारायच्या. पोरगं खातं का, ऐकतं का, हे सगळं नंतर. आधी, "रात्री झोपतं का? आणि नाही झोपलं तर दुसऱ्या दिवशी दमतं का?" म्हणून आमच्या निमोण्यात त्यांचं नाव झोपेच्या बाई पडलं.

त्या पुण्याच्या डॉक्टरीण होत्या. आगगाडीनं दौंडला उतरायच्या, रेल्वेच्या चाळींतली पोरं बघायच्या, मग एसटीनं शिरूर आणि तिथून आमच्याकडे. काही पोरं महिना-दोन महिने वाऱ्यासारखी उधळतात आणि मग तितकेच दिवस अंथरूण धरतात, तसली पोरं त्या शोधत होत्या. "आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, हा आजार मोठ्या माणसांचा, पोरांना होतच नाही. मला तर दिसतोय," असं एकदा चुलीपाशी बसून त्या मला म्हणाल्या.

माझी धाकटी नणंद शकू तसलीच होती. चौदा वर्षांची. भर आला की पहाटेपासून गायची, सारवलेलं अंगण पुन्हा सारवायची, येईल त्याला शेंगा वाटायची. गावाला वाटे, देवी आली. बायका तिची ओटी भरायला यायच्या. मग एक दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि त्याच बायका म्हणायच्या, देवी रुसली. मागच्या खेपेला पडली तेव्हा सासूबाईंनी तिला विहिरीच्या पायऱ्यांवरून ओढून आणली होती. ही गोष्ट आम्ही घराबाहेर जाऊ दिली नव्हती. बाईंना मात्र सासूबाईंनी सांगितली.

बाई खोटा धीर देत नसत. सासूबाईंनी विचारलं, "बरी व्हईल ना वो?"

"मुळापासून बरं करणारं औषध माझ्याजवळ नाही. झोपेची गोळी आहे. पण यात तुमचा दोष नाही, एवढं मला ठाऊक आहे."

शकू भरात असतानाच कासुर्डीचे पाहुणे तिला बघायला आले. तिचं हसणं, तिची चपळाई बघून त्यांनी बसल्या बैठकीला सुपारी फोडली. बाई आल्या तेव्हा घरात लग्नाच्या डाळी निवडायच्या चालल्या होत्या.

"लगीन झालं म्हंजी निवंल ती," माझे सासरे, आबा म्हणाले.

बाई बसल्याच नाहीत. "आबा, हे हसू उतरणार. तेव्हा ती सासरी असेल. तिथल्या विहिरीवर तिला कोण धरणार?"

आबांचा चेहरा उतरला, आवाज चढला. "तुमचं तरी लगीन झालंय का? आमच्या पोरींचं बघाया आल्याती. निघा. पुन्यांदा हिकडं येऊ नका."

"जाते. त्या लोकांनी तिला पडलेली बघितली आहे का, तेवढं सांगा."

आबांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. दाराआडून माझ्याच तोंडून निघालं, "न्हाई बघितली."

आबांनी वळूनही पाहिलं नाही. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या उन्हात चालू लागल्या. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. फरफट बांधापर्यंत ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी आबा फेटा बांधून कासुर्डीला गेले आणि लग्न मोडून आले. तिथं काय बोलले, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. भावकी म्हणाली, "पुण्याच्या बाईनं आबाला गुंडाळला." आबा ऐकून घ्यायचे.

पाडवा झाला आणि शकू पडली. चार दिवस पाण्याच्या घोटावर होती. आबा कुणाला न सांगता दौंडला गेले, बाईंना आणायला. चाळीत कळलं, बाईंचं ते काम वरून बंद केलं होतं आणि त्यांना लांब कुठंतरी धाडलं होतं. आबा परत आले ते तसेच कुऱ्हाड घेऊन मळ्यात गेले. बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि विहिरीच्या पायऱ्या काट्यांनी बुजवून टाकल्या. हात रक्तानं भरले होते.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, त्या बाई न्हाईत आता. आपल्यालाच बघाया पायजे. दिसा तू बस तिच्यापाशी. राती मी हाय."

त्या उन्हाळ्यात आम्ही पाणी शेजारच्या मळ्यातून आणलं. आषाढाच्या तोंडाला शकू उठली आणि भाकरी मागू लागली.

पुढं ती कितीदा पडली, कितीदा उठली. लग्न झालं नाही. माझी पोरं तिनंच न्हाऊमाखू घातली. बाईंचं म्हणणं पुण्यात कुणी मानलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. आबा गेले. आता शकू पडली की विहिरीवर काटे मी टाकते.