धुळ्यातला अडीच घरांचा राजा

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्यात उतरलो, तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत बुद्धिबळातल्या सिसिलियन सुरुवातीची वही. हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. चषक आणीन, असे ठाण्यात सांगून निघालो होतो, आणि घरच्यांनी फडताळात जागाही करून ठेवली होती.

शेवटच्या फेरीत जिंकलो तर ज्येष्ठ गटाचा चषक माझा होता. दुपारी खानावळीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाल्ली. शेवभाजीने डोळ्यांत पाणी आणले. ते पुसत पटावर बसलो.

समोर शिंदखेड्याकडचे एक आबा होते, पारावर खेळून तयार झालेले. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या. त्यांनी कडेचे प्यादे एक घर सरकवले. माझी वही तिथेच संपली.

तरीही अकराव्या चालीपर्यंत मी बरा होतो. माझ्या उंटाने त्यांचा घोडा राजासमोर अडकवून ठेवला होता. तो हलला तर राजाला शह बसला असता, म्हणून मी वजीर बिनधास्त त्याच्या माऱ्यात ठेवला. तेवढ्यात आबांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरे उडवला.

मी घड्याळ थांबवून पंचांसाठी हात वर केला.

"आमना गावमा राजाले एकदाव घोडानी चाल शे," आबा शांतपणे म्हणाले. (आमच्या गावात राजाला एकदा घोड्याची चाल असते.)

"इथे नाही, आबा," पंच म्हणाले. "राजा परत ठेवा. पण हात राजाला लागलाय, तेव्हा हलवायचा राजाच."

त्या चुकीच्या चालीबद्दल नियमाप्रमाणे मला दोन मिनिटे जादा मिळाली. आबांनी राजा एक घर बाजूला सरकवला. मी आधीच ठरवलेली चाल खेळलो. माझ्या डोक्यात राजा अजून जुन्याच घरात होता, घोडा मात्र सुटला होता. आबांनी त्या घोड्याने माझा वजीर मारला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

"हाई बी चालत नई का?" त्यांनी पंचांना विचारले.

"हे चालतं, आबा."

डाव सोडला तेव्हा माझ्या घड्याळात ती दोन मिनिटे तशीच शिल्लक होती.

निघताना आबांनी बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) पिशवी हातात दिली. "आमना गावले या, भाऊ. तठे तुमना राजाले बी उडाले भेटी." (तिथे तुमच्या राजालाही उडायला मिळेल.)

परतीच्या गाडीत मोबाइलवर डाव पुन्हा मांडला. उडी मारून राजा जिथे बसला होता, तिथे तो दोन चालींत मात होत होता. मला फक्त हात खाली ठेवायचा होता.

फडताळातल्या जागेत बिबड्या बरोबर मावल्या.