जिनिंगच्या भिंतीसमोरचा तास

दिग्रसला आमच्या शाळेच्या मैदानामागे एका जिनिंगच्या गोदामाची उंच, बिनखिडक्यांची भिंत आहे. ध्वनीचा धडा पुस्तकात शेवटाकडे येतो. पण तोवर कापसाचा हंगाम सुरू होतो आणि जिनिंगच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. म्हणून मी तो पोळ्याच्या आसपासच उरकते.

त्या वर्षी नववीच्या मुलींना मैदानावर नेलं. आधी एकीला पार टोकाला उभं करून थाळी वाजवायला लावली. हात थाळीवर पडलेला दिसायचा आणि आवाज किंचित मागून यायचा.

"उजेड आधी पोचला न, मॅडम!" एक जण म्हणाली.

मग भिंतीपासून बरंच मागे सरकून मी म्हटलं, "आता एकेकीनं हाक मारायची. तोंडावर हात धरायचा नाही." पहिल्या चार-पाच जणींचा आवाज भिंतीपर्यंत पोचलाच नाही. ओरडायचं म्हटलं की पोरी ओढणी सावरायच्या, आजूबाजूला बघायच्या.

तेवढ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी एक मुलगी पुढे झाली. वर्गात ती तोंड उघडत नसे. तिच्या मराठीला बाकीच्या हसायच्या. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि शेतातल्या आईला हाक मारावी तशी आरोळी ठोकली, "याडीऽऽ!"

भिंतीनं ती हाक जशीच्या तशी परत केली.

"मॅडम, भिंतीले गोरबोली येते!" कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, सगळ्यांत जास्त तीच. मग प्रत्येकीनं तिच्याकडून तो शब्द घेतला आणि भिंत दणाणून सोडली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. शेजारी संस्थेचे सचिव बसले होते. त्यांचं घर मैदानाला लागूनच आहे.

"बाई, वयात आलेल्या मुलींना भर दुपारी असं किंचाळायला लावणं शोभतं का?" सचिवांनी विचारलं.

"सर, कुजबुजून प्रतिध्वनी येत नाही."

मुख्याध्यापक कळवळून म्हणाले, "मॅडम, कायले आंगावर घेता? फळ्यावर आकृती काढून द्या न. परीक्षेत तेवढंच येते."

"यापुढे असं होणार नाही, एवढा शब्द द्या," सचिव म्हणाले.

मी हात पाठीमागे घट्ट धरले. "प्रयोग अर्धा राहिलाय. उद्या पुरा करते. तुम्हीही या."

सचिव मैदानावर आले नाहीत, पण घराच्या गच्चीवर येऊन उभे राहिले. त्यांना पाहून मुली थबकल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मग पहिली हाक मीच मारली. आवाज चिरकला, तरी परत आला. त्यानंतर मुलींना सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी नववी माझ्याकडून काढून घेतली, सहावी दिली. तांड्यावरची ती मुलगी आता दहावीत आहे. मधेच उठून प्रश्न विचारते, अशी तिच्या नव्या सरांची तक्रार असते. ती तक्रार मी दोनदा ऐकून घेते.

सहावीच्या पुस्तकातही ध्वनीचा धडा आहे, हे बहुतेक कुणी उघडून पाहिलं नव्हतं. यंदा त्या लहानग्यांना घेऊन निघाले, तर मुख्याध्यापक व्हरांड्यात आडवे आले. "मॅडम, हे काय चालू आहे?"

"धडा शिकवून राह्यली, सर," म्हटलं, आणि रांग पुढे काढली.