रस्त्याचा आकडा

भर रस्त्यात गुडघे टेकून बसायचं आणि रस्त्याला आंघोळ घालायची, हे काम त्याने एकतीस वर्षं केलं. बाजूने जाणाऱ्या गाडीतून कुणीतरी हमखास ओरडायचं, "काय हो, साबण संपला का?" तोही मान वर न करता म्हणायचा, "तुम्ही घेऊन या आणि पाठ चोळायला बसा." रस्ते खात्यात त्याला सगळे 'आंघोळवाले' म्हणायचे. पगारपत्रकावरचं नाव बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

तीन पायांची एक लोखंडी घोडी, तिच्यावर टांगलेला लोलक आणि लोलकाच्या टोकाला रबराचा चौकोनी तुकडा, एवढंच त्याचं यंत्र. रस्ता ओला करायचा आणि लोलक सोडून द्यायचा. रबर रस्त्याला घासत पुढे जातं. रस्ता जितका टायरला धरून ठेवणारा, तितका लोलक पलीकडे कमी चढतो आणि काटा तितका मोठा आकडा दाखवतो. आकडा लहान आला, तर समजायचं की ओल्यात इथे ब्रेक दाबून काही उपयोग नाही. वळणावर निदान पंचावन्न हवेत, असा नियम होता.

खरी मेख होती ती रबर किती लांब घासतं यात. एकशे पंचवीस मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. जास्त घासलं, तर रस्ता असेल त्याहून चांगला दिसतो. म्हणून गाल डांबराला लागेल इतकं वाकायचं आणि पोलादी पट्टीच्या बारीक खुणांवर बघायचं, रबर कुठे टेकतं आणि कुठे सुटतं. पहिली काही वर्षं तो हे डोळ्यांनी बघायचा. पुढे कानाने करू लागला. "खर्र वाजलं की मला कळतं, किती घासलं ते," असं तो म्हणायचा आणि खात्यात त्याचं कौतुक व्हायचं. पट्टी मात्र नियमाप्रमाणे रोज ठेवायचा, वाकायचाही. घरी बायको त्याच्या पँटींच्या गुडघ्यांना ठिगळं लावता लावता म्हणायची, "देवापुढे एवढे गुडघे टेकले असते तर एव्हाना काहीतरी पदरात पडलं असतं."

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा बसचालक होता. नाकासमोर चालणारा माणूस, बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. एका सकाळी बारीक पाऊस पडून गेला होता. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर त्याची बस घसरली आणि थांब्यावर चढली. थांब्यावर एक शाळामास्तरीण उभी होती, तपासलेल्या वह्यांची पिशवी घेऊन. ती जागीच गेली.

"मी चाळिसावर होतो," भावोजी सगळ्यांना सांगत होते. "ब्रेक मारला, पण गाडी ऐकेचना. साबणावरून गेल्यासारखी गेली."

कोर्टात रस्ते खात्याची वही उघडली गेली. त्या वळणाचा आकडा अपघाताच्या पाच महिने आधीच घेतलेला होता. अठ्ठावन्न. खाली सही आंघोळवाल्यांची. म्हणजे रस्ता चांगला होता. मग उरला तो वेग.

बहीण दुपारची आली आणि थेट स्वयंपाकघरात येऊन बसली. वहिनीने पुढे केलेल्या चहाकडे तिने पाहिलंही नाही.

"दादा, तू फक्त एवढंच म्हण की चूक होऊ शकते."

"झाली असती तर म्हटलं असतं."

"माणसाचीच चूक होते ना?"

"आकडा माझा नाही गं. आकडा रस्त्याचा आहे. मी नुसता वाचतो."

"छान वाचतोस! जरा मान वर करून समोर कोण बसलंय तेही वाच."

बायको मध्ये पडली. "अहो, साहेबांशी एकदा बोलून तर बघा..."

"तू गप्प बस. उद्या सगळ्यांचे मेहुणे येऊन बसतील माझ्यासमोर."

चहावर साय धरली. बहीण उठली, पदर खोचला आणि निघून गेली. त्यानंतर ती त्या घरात आली नाही.

चार वर्षांची शिक्षा झाली. वकील अपील करू म्हणत होता. भावोजींनीच नको म्हटलं. "दादांचा आकडा आहे," ते म्हणाले. "ते डोळ्यात तेल घालून काम करतात. माझाच पाय जड पडला असणार." हे त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्याला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं.

दोन वर्षांनी खात्यात नवीन इंजिनीयर बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर रस्त्यावर आल्या, कपड्यांची पर्वा न करता शेजारी बसल्या. त्यांनी पट्टी ठेवली, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, एकशे पस्तीस येतंय."

"तुमची पट्टी खोटी असेल. मला आवाजावरून कळतं."

"बरं, मग तुम्हीच बघा."

त्याने त्यांच्या हातातून पट्टी घेतली, रस्त्यावर ठेवली. सवयीने गाल डांबराजवळ नेला. लोलक सावकाश हाताने पुढे नेला. "एकशे पंचवीस," तो म्हणाला. "बरोबर एकशे पंचवीस."

पाण्याचा डबा धरून उभा असलेला खात्याच्या व्हॅनचा ड्रायव्हर उगाच दुसरीकडे बघू लागला. मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "काका, पट्टी पालथी ठेवलीय तुम्ही. या बाजूला खुणा नाहीत."

त्यांनी लोलक थोडा उचलून घेतला, एकशे पंचवीसवर आणला, पुन्हा सोडला. मघाशी त्याच्या मोजणीत एकसष्ट आले होते. आता सत्तावन्न. दहा मिलिमीटरला चार.

अठ्ठावन्नातून चार गेले. हे गणित त्याने बोटांवर केलं. चोपन्न. पुन्हा केलं. चोपन्नच.

घरी आला तो बूट न काढताच शिवणयंत्राशी जाऊन उभा राहिला. बायको कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्या जोडत होती.

"तुला सुईत दोरा ओवून द्यायचं मी कधी सोडलं गं?"

"आज हे काय मध्येच?"

"सांग ना."

"पोरीच्या लग्नाच्या आधी. साड्यांना फॉल लावायचे होते. तुम्ही अर्धा तास दोरा चोखत बसलात आणि मलाच म्हणालात, तुझ्या सुयाच हल्ली बारीक येतात. मग मी शेजारणीकडून ओवून आणल्या." ती यंत्राचं चाक थांबवून म्हणाली, "चष्मा करा म्हणून तेव्हापासून घसा कोरडा केलाय. तर म्हणे चष्मा लागला की आत टेबलावर बसवतील."

पोरीचं लग्न त्या वळणाच्या मोजणीच्या आधी झालं होतं. सात महिने आधी.

दुसऱ्या दिवशी त्याने चष्मा केला. चार दिवसांनी घोडी घेऊन तो टाकीजवळच्या वळणावर गेला. वळण काळंभोर दिसत होतं. वर्षापूर्वीच नवं डांबर पडलं होतं. तरी तो बसला, रस्त्याला आंघोळ घातली, पट्टी सुलटी ठेवली, एकेक खूण वाचली. पाच वेळा लोलक सोडला. सहासष्ट. पाचही वेळा सहासष्ट. आयुष्यात इतकी चोख मोजणी त्याने केली नसेल, आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. ज्या रस्त्यावरून बस घसरली होती, तो खाली गाडला गेला होता.

त्याने पत्र लिहिलं. साहेबांनी वाचून डोक्याला हात लावला. "एका वळणासाठी तुम्ही किती वर्षांच्या वह्या खोट्या पाडताय, कळतंय का? घरी जा, शांत झोपा, मग बोलू." तो घरी गेला, झोप काही आली नाही, आणि त्याने दुसरी प्रत सरळ कोर्टाकडे धाडली. तीन महिन्यांनी उत्तर आलं. जुना पृष्ठभाग अस्तित्वात नसल्याने पडताळणी शक्य नाही. शिवाय आरोपीने वेग जास्त असल्याचं तुरुंगात स्वतःच लेखी मान्य केलं आहे.

ते उत्तर खिशात घालून तो बहिणीकडे गेला. तिने दार अर्धंच उघडलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हा आकडा रस्त्याचा होता. आता चुकला, तर तुझा झाला होय?"

त्याने मान खाली घातली.

"त्यांना तूच जाऊन सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

भेटीच्या खोलीत जाळी होती. पलीकडे भावोजी येऊन बसले. नव्या चष्म्यातून त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती. त्याने सांगायला सुरुवात केली. डोळे, पालथी पट्टी, सुईदोरा, सगळंच. भावोजी नीट ऐकत होते, एखाद्याने रस्ता समजावून सांगावा तसे.

"म्हणजे किती जास्त घासत होतं?"

त्याने अंगठा आणि तर्जनी जाळीपुढे धरली, मध्ये दहा मिलिमीटर ठेवून. "एवढंच."

भावोजी त्या फटीकडे बघत राहिले.

"दादा, पहिले सहा महिने मला चाळीस आठवायचे. डोळे मिटले की काटा दिसायचा, चाळिसावर. मग म्हटलं, दादांचा आकडा खोटा कसा असेल? आपणच विसरतोय. रोज स्वतःला समजावायचो, साठ होते, साठ होते. लिहूनही दिलं. आता साठच आठवतात. काटाही साठावरच दिसतो. खूप मागे जाऊन बघतो, पण चाळीस काही सापडत नाहीत."

शिपायाने वेळ झाल्याची हाक दिली. भावोजी उठले आणि पुन्हा जाळीजवळ वाकले.

"तुम्ही मोजणारे. तुम्हीच सांगा ना, मी किती जोरात होतो?"

शिपाई भावोजींना दंडाला धरून घेऊन गेला. इकडे त्याची बोटं मात्र जाळीपुढे तशीच होती, मध्ये तेवढीच फट ठेवून.